पटवणे आणि पटवून देणे : प्रचार, जाहिरात आणि वाणीची नीती

१

‘मला हे पटले’ या साध्या मराठी वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्तृस्थानी ‘हे’ आहे. ज्याला पटते तो माणूस चतुर्थीत, क्रियेपासून किंचित दूर उभा आहे. पटण्याची क्रिया त्याच्यावर कोणी करीत नाही, ती त्याच्या ठिकाणी घडते. या क्रियापदाची दोन प्रयोजक रूपे व्यवहारात रूढ आहेत आणि त्यांच्यातील भेद केवळ शैलीचा नाही. ‘त्याने मला मुद्दा पटवून दिला’ असे म्हणताना कर्म असतो तो मुद्दा. ऐकणारा पुन्हा चतुर्थीतच राहतो, म्हणजे घेणारा, आणि म्हणूनच न घेण्यास मोकळा. उलट ‘त्याने अमक्याला पटवले’ या वाक्यात माणूसच कर्म होतो आणि मुद्दा वाक्यातून नाहीसा होतो. गिऱ्हाईक पटवले जाते, मतदार पटवला जातो, आणि हे शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या ओठांवर जे सूक्ष्म हसू येते त्यातच या क्रियेचे नैतिक मूल्यमापन भाषेने करून ठेवलेले असते.

विपणनाच्या अभ्यासक्रमांतून आणि व्यवस्थापनविषयक लेखनातून एक प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. राजकीय प्रचारमोहिमांपासून, एकंदरीतच मन वळवणाऱ्या संज्ञापनापासून, विक्रेत्याने काय शिकावे? त्याचे उत्तर बहुधा तंत्रांच्या यादीने दिले जाते. घोषणा आटोपशीर असावी, ती पुनःपुन्हा कानांवर पडावी, प्रतिमा एकच व ठसठशीत असावी, श्रोतृवर्गाचे गट पाडावेत, भावनेला आवाहन करून तर्काला पाठीशी ठेवावे, इत्यादी. ही यादी चुकीची आहे असे नव्हे. परंतु तिच्या आधीचा एक प्रश्न ती विचारीतच नाही. राजकारणापासून जे शिकायचे ते ‘पटवणे’ की ‘पटवून देणे’? आणि हे दोन्ही राजकारणात आहेत असे मानले, तर पहिल्याला दुसऱ्यापासून वेगळे करणारा निकष कोणता?

हा प्रश्न वाणिज्य किंवा राज्यशास्त्र या विद्याशाखांवर सोपवून साहित्यसमीक्षेने स्वस्थ बसावे असा नाही. वक्ता, श्रोता, शब्द आणि शब्दातून निर्माण होणारी प्रवृत्ती हा साहित्यशास्त्राचा मूळ प्रांत आहे. रोलाँ बार्थने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायथॉलॉजीज’ या पुस्तकात धुलाईच्या पावडरींच्या जाहिराती आणि निवडणुकीतील उमेदवारांची छायाचित्रे यांचा विचार एकाच दृष्टीने केला, तो काही विक्षिप्तपणा म्हणून नव्हे. दोन्हीकडे अर्थनिर्मितीची यंत्रणा एकच आहे, हे त्याला दाखवायचे होते. मात्र यंत्रणा एक असली तरी तिची नीती एक असेलच असे नाही, आणि विवेचनाचा रोख येथे त्या नीतीकडे आहे.

२

या प्रश्नाचा विचार करण्यास जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे स्थळ उपयुक्त आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीची ही वसाहत. कारखान्याच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे ते अंकुशराव टोपे १९९१ मध्ये जालना मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. गोदावरीवरील पैठणचे जायकवाडी धरण आणि त्याचा डावा कालवा यांनी या पट्ट्यात ऊस आणला. उसाबरोबर कारखाना आला आणि कारखान्याबरोबर सहकारी निवडणुकीची संस्कृती आली. या संस्कृतीचे वैशिष्ट्य असे की, इतरत्र ज्या भूमिका वेगवेगळ्या माणसांकडे असतात त्या येथे एकाच माणसात एकवटतात. सहकारी कारखान्याचा सभासद हा ऊस विकणारा असतो, भागधारक म्हणून कारखान्याचा मालक असतो, संचालक मंडळाच्या निवडणुकीत मतदार असतो आणि विधानसभा-लोकसभेच्या वेळी नागरिक असतो. बाजारात गेल्यावर तोच खते, औषधे आणि बियाणे घेणारा गिऱ्हाईक होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. भांडवलाच्या प्रमाणात मत आणि माणसागणिक मत या दोन तत्त्वांतील भेद, म्हणजे बाजार आणि प्रजासत्ताक यांतील भेद, या माणसाच्या रोजच्या जगण्यात उतरलेला आहे.

त्याच जिल्ह्यात आणखी एक उद्योग आहे. जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ची स्थापना केली आणि पुढे या शहराभोवती बियाणे कंपन्यांचे जाळे उभे राहिले. बियाणे ही वस्तू आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ती विकत घेण्याच्या क्षणी तपासता येत नाही. तिची परीक्षा पुढे काही आठवड्यांनी उगवणीत आणि काही महिन्यांनी पिकात होते, आणि तोपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. राजकीय आश्वासनाची जातही हीच. तेही दिले जाण्याच्या क्षणी अपरीक्ष्य असते आणि त्याची परीक्षा होईतो पाच वर्षे सरलेली असतात. ज्या वस्तूची पारख हाताने, डोळ्याने, जिभेने करता येते तिथे विक्रेत्याच्या शब्दाला मर्यादित महत्त्व असते. ज्या वस्तूची पारख पुढे ढकललेली असते तिथे शब्द हाच घेणाऱ्याचा एकमेव आधार होतो. मन वळवण्याची नीती हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे उभा राहतो. साबणाच्या वडीबाबत फसगत झाली तर पाच-पन्नास रुपये जातात. बियाण्याबाबत किंवा मताबाबत झाली तर एका कुटुंबाचे वर्ष जाते किंवा एका समाजाचा काळ जातो.

अंकुशनगरच्या शेजारी घनसावंगी तालुक्यात जांब हे रामदासांचे जन्मगाव आहे. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात राजकारणनिरूपणाचा एक समास आहे आणि दुसऱ्याचे अंतर ओळखून लोकसमुदाय जोडण्याचा विचार त्या ग्रंथात ठिकठिकाणी आढळतो. म्हणजे लोकांचे मन राखणे ही या भूमीतली जुनी विद्या आहे. मात्र त्या विचारात लोकांचे अंतर ओळखणाऱ्याने आधी स्वतःचे आचरण कसोटीला लावावे ही अट सतत जोडलेली असते. आजच्या ‘लक्ष्यगट’ या शब्दात दुसऱ्याचे अंतर ओळखणे उरले आहे, ती अट मात्र गळाली आहे. ‘लक्ष्य’ हा शब्दच धनुर्विद्येतला. ज्याच्यावर नेम धरायचा त्याच्याशी संवाद करायचा नसतो.

३

भारतीय काव्यशास्त्रात मन वळवण्याचा विचार उपदेशाच्या अंगाने झाला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना उपदेशाचा जो प्रकार काव्याचा म्हणून निवडला तो कांतेच्या बोलण्यासारखा आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रकार सांगितले जातात. प्रभुसंमित उपदेश स्वामीच्या आज्ञेसारखा असतो, त्यात कारण विचारायचे नसते. सुहृत्संमित उपदेश मित्राच्या सल्ल्यासारखा असतो, त्यात कारणे, दाखले, परिणाम सांगितलेले असतात. कांतासंमित उपदेशात रसाने मन आधी आर्द्र होते आणि मग ते आपोआप वळते. या वर्गीकरणाकडे सामान्यतः काव्याचे श्रेष्ठत्व सांगणारी उतरंड म्हणून पाहिले जाते. परंतु ते श्रोत्याच्या स्वातंत्र्याचेही वर्गीकरण आहे. प्रभूपुढे श्रोता नकार देऊ शकत नाही. मित्रापुढे देऊ शकतो, आणि कारणांसह देऊ शकतो. कांतेपुढे त्याला नकार द्यावासाच वाटत नाही. तिसऱ्या प्रकाराचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही येथेच आहेत. काव्यात हा धोका सौम्य होतो, कारण काव्याला श्रोत्याकडून तत्काळ काही नको असते. जाहिरात कांतेचा स्वर घेते, पण तिला तत्काळ हवे असते.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी मीमांसकांच्या ‘विधी’ आणि ‘अर्थवाद’ या संकल्पना उपयोगी पडतात. विधी म्हणजे अमुक करावे हे प्रेरक वाक्य. अर्थवाद म्हणजे त्या कृतीची स्तुती करणारे वाक्य. मीमांसकांच्या मते अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. तो ज्या विधीला पोषक असेल त्याच्याशी जोडूनच त्याचा अर्थ लावायचा. या निकषावर राजकीय भाषण आणि जाहिरात यांत एक लक्षणीय फरक दिसतो. निवडणुकीच्या सभेत विधी प्रकट असतो. ‘अमक्या निशाणीवर शिक्का मारा’, यंत्र आल्यावर ‘अमक्या निशाणीसमोरचे बटण दाबा’. भाषणात कितीही अलंकार असोत, वक्त्याला काय हवे आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असते आणि त्या ज्ञानाच्या उजेडातच तो सगळी स्तुती ऐकतो. आधुनिक जाहिरात पुष्कळदा निव्वळ अर्थवाद असते. सूर्योदय, आईचा हात, हिरवे शेत, हसरे मूल. ‘विकत घ्या’ हा विधी तिच्यात उच्चारला जात नाही, आणि तो उच्चारला न गेल्यामुळेच श्रोता सावध होत नाही.

बियाण्याच्या पिशवीवर हे द्वैत छापलेलेच असते. पुढच्या बाजूला बोंडांनी लदलेले झाड असते, तो अर्थवाद. दुसरीकडे बारीक अक्षरांत बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये आवश्यक असलेला मजकूर असतो. उगवणशक्तीचे किमान प्रमाण किती, शुद्धता किती, इत्यादी. पहिल्या मजकुराला कायदा काही विचारीत नाही, दुसऱ्याला विचारतो. पिशवी निवडली जाते ती मात्र बहुतेक वेळा पहिल्या मजकुरावरून.

मीमांसेतील आणखी एक सूक्ष्म भेद येथे उद्‌बोधक आहे. लौकिक आज्ञेत प्रेरणा ही आज्ञा करणाऱ्या पुरुषाच्या अभिप्रायात असते. वेद अपौरुषेय असल्यामुळे तेथे प्रेरणा प्रत्यक्ष शब्दातच, क्रियापदाच्या विध्यर्थी प्रत्ययात मानावी लागते. घोषणेची महत्त्वाकांक्षा अशीच अपौरुषेय होण्याची असते. यशस्वी घोषणा कोणी रचली हे कुणाला आठवत नाही. ती ‘लोक म्हणतात’ अशी होते. शब्दाचा कर्ता नाहीसा झाला की शब्दाला उत्तरदायी कोण हा प्रश्नही नाहीसा होतो. वाणीची नीती म्हणजे बहुतांशी हा नाहीसा झालेला कर्ता पुन्हा शोधण्याचे काम होय.

४

बाजार आणि राजकारण यांनी परस्परांकडून उसनवारी करणे महाराष्ट्राला नवे नाही. ‘छाप’ आणि ‘निशाणी’ हे दोन शब्दच त्याची साक्ष देतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी होती आणि तिच्यावर निशाणी होती. ज्या समाजाला घोडा छाप, चावी छाप अशा चित्रांवरून माल ओळखण्याची सवय होती, त्याला बैलजोडीवरून पक्ष ओळखणे जड गेले नाही. त्याही आधी स्वदेशीच्या चळवळीने वस्तूलाच विचाराचे वाहन केले होते. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि टिळकांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला. तेथील काच विकत घेणे हे एकाच वेळी खरेदी करणे आणि मत देणे होते.

किर्लोस्करांचे उदाहरण याहून सूचक आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर प्रारंभी खपेना. हा आक्षेप हसून उडवून देता आला असता. त्याऐवजी तो आक्षेप म्हणून घेतला गेला आणि नांगर शेतात चालवून त्याला उत्तर दिले गेले. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. उद्योगाची माहिती देणारे पत्रक म्हणून जन्मलेले हे नियतकालिक काही वर्षांतच सामाजिक सुधारणेच्या वादांचे व्यासपीठ बनले आणि मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात दाखल झाले. जाहिरात पत्राने वाचकाला गिऱ्हाईक म्हणून बोलावले आणि वाद घालणारा म्हणून ठेवून घेतले. ‘पटवून देणे’ बाजारातही शक्य आहे याचा मराठीतील हा एक ठळक पुरावा होय.

सहकारी साखर कारखानदारीचा आरंभही असाच आहे. प्रवरानगरच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. अस्तित्वातच नसलेल्या कारखान्याचा भाग कर्जबाजारी शेतकऱ्याला घ्यायला लावणे हे बियाण्याइतकेच अपरीक्ष्य वस्तूची विक्री करणे होते. फरक इतकाच, की विकणारा विकत घेणाऱ्यांतलाच एक होता. कारखाना बुडाला असता तर त्याचेही बुडणार होते आणि त्याला त्याच गावात राहायचे होते.

याउलट दिशेची उसनवारी, म्हणजे राजकारणाने जाहिरातीकडून घेतलेली, अमेरिकेत ठळकपणे १९५२ मध्ये दिसते. जाहिरातकार रॉसर रीव्ह्‌ज यांनी आयझेनहॉवर यांच्यासाठी अल्पावधीचे दूरचित्रवाणी संदेश तयार केले आणि उमेदवार हा विक्रीयोग्य माल झाला. भारतात २००४ ची ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम याच पठडीतली. ती उत्तम जाहिरात होती. पण निवडणुकीत तिचा प्रतिवाद झाला, सामान्य माणसाला काय मिळाले असा साधा प्रश्न विचारला गेला, आणि सत्तांतर झाले. त्या निकालामागे इतरही अनेक कारणे होती. तरीही एवढे खरे की, त्या चकचकीत चित्रापुढे कोणीतरी उभे राहून ‘हे खरे नाही’ असे म्हणू शकत होते आणि म्हणणे हे त्याचे कामच होते. २००८ मध्ये चहाच्या एका मोठ्या नाममुद्रेने ‘जागो रे’ म्हणत तरुणांना मतदारनोंदणीचे आवाहन केले. त्या जाहिरातीने राजकारणाकडून नागरिकत्वाचा स्वर घेतला. पण त्या चहाविरुद्ध बोलणारा विरोधी पक्ष मात्र घेतला नाही, घेणे शक्यही नव्हते.

५

येथे विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. राजकीय प्रचारात दोन गोष्टी आहेत. एक, वळवण्याचे सामर्थ्य. दुसरी, त्या सामर्थ्यावरचे नियमन. बाजाराने आजवर पहिलीचा अभ्यास केला आहे. शिकण्यासारखी आहे ती दुसरी. हत्तीच्या माहुताच्या हातातील अंकुश हत्तीला चालवतो आणि आवरतोही. आवरण्याचा भाग काढून टाकला तर हातात उरते ती केवळ टोचणी. हे नियमन चार प्रकारचे सांगता येईल.

पहिले प्रकटतेचे. लोकशाहीतील राजकीय वचन जाहीर असावे लागते. सभेत शेतकरी, व्यापारी, मजूर एकत्र बसून तेच भाषण ऐकतात, आणि म्हणून एकाला दिलेले वचन दुसऱ्याच्या कानांवर पडते. दुसरे प्रतिपक्षाचे. तिसऱ्या दिवशी त्याच मैदानात दुसरा वक्ता येणार आणि पहिल्याचे वाक्य घेऊन त्याची चिरफाड करणार, हे पहिल्याला ठाऊक असते. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वाचे प्रकार सांगताना सल्लागारी भाषणाचा श्रोता हा निर्णय देणारा असतो आणि स्तुतिपर भाषणाचा श्रोता हा प्रेक्षक असतो असा भेद केला. प्रतिपक्ष असतो तेव्हाच श्रोता निर्णेता होतो. एकच बाजू ऐकणारा, कितीही शहाणा असला तरी, प्रेक्षकच राहतो.

तिसरे नियमन मौनाचे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या १२६ व्या कलमानुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा व मिरवणुका यांना बंदी आहे. १३० व्या कलमानुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागता येत नाही. म्हणजे कायदा असे म्हणतो की, मन वळवण्याच्या क्रियेला निर्णयापूर्वी थांबले पाहिजे. ऐकलेले सगळे मनात बसावे, घरात बोलले जावे, आणि मग माणसाने एकट्याने निर्णय घ्यावा. ही तरतूद पुष्कळदा मोडली जाते. पण तिच्यातील कल्पना असामान्य आहे, कारण ती शब्दाची मर्यादा शब्दालाच दाखवते. बाजारात याच्या नेमके उलट घडते. तेथे निर्णयाचा क्षण जसजसा जवळ येतो तसतसा शब्द मोठा होतो. मृगाचा पाऊस पडलेला, वापसा आलेला, पेरणी लांबवता येत नाही, अशा वेळी कृषी सेवा केंद्राच्या फळीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘हेच वाण घ्या, उद्या मिळणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा ते वाक्य निवडणुकीच्या भाषेत मतदान केंद्राच्या आत मागितलेले मत असते. ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली त्यांत खोटी निकड निर्माण करणे ही एक फसवी रचना म्हणून नोंदवली आहे. बाजार मौनाचा धडा गिरवू लागला आहे, परंतु अगदी अलीकडे, आणि कायद्याच्या भीतीने.

चौथे नियमन किमतीचे. बोलणाऱ्याने आपल्या शब्दासाठी काहीतरी पणाला लावलेले असावे. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते सांगण्यापेक्षा विचारीत असत, आणि श्रोत्यांच्या तोंडून निघालेले उत्तर श्रोत्यांचेच राहत असे. झाडलेला रस्ता हा त्या प्रश्नांचा आधार होता.

याच संदर्भात २०१६ च्या मराठा मूक मोर्चांचा विचार करावा लागतो. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या पहिल्या मोर्चानंतर वर्षभर राज्यात ठिकठिकाणी असे मोर्चे निघाले. व्यासपीठावर नेत्याचे भाषण नाही, पुढे मुली, निवेदन देणाऱ्याही मुली, आणि मागून रस्ता स्वच्छ करणारे स्वयंसेवक. मागण्यांच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद होते आणि आहेत. येथे मुद्दा त्यांच्या संज्ञापनरूपाचा आहे. शब्द काढून घेतल्यावर मन वळवणारे जे उरले ते म्हणजे प्रत्येकाची स्वखर्चाने, स्वतःच्या पायांनी दिलेली उपस्थिती. पुढे २०२३ मध्ये अंकुशनगरच्याच तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांनी उपोषण सुरू केले तेव्हा रूप पालटले. मौनाची जागा वाणीने आणि समूहाची जागा एका देहाने घेतली. परंतु पणाला काहीतरी लावलेले असणे हे सूत्र कायम राहिले. उपोषण हेही मन वळवण्याचे साधन आहे, आणि ते कोठे विनवणी असते व कोठे दडपण होते हा गांधींपासून चालत आलेला प्रश्न येथेही सुटत नाही. तरीही मोर्चाची छायाचित्रे पाहून एखाद्या विक्रेत्याने ‘मौन प्रभावी असते’ एवढाच धडा घेतला आणि निःशब्द जाहिरात काढली, तर त्याने रूप घेतले आणि किंमत सोडली असे म्हणावे लागेल. तंत्र उसने घेता येते, पण ज्या त्यागातून ते निपजले तो उसना मिळत नाही.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. राजकारणाला बाजाराचा गुरू कल्पिण्याइतके ते शुचिर्भूत कोठे आहे? उलट या बाबतीत बाजारच अधिक बांधलेला नाही काय? ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये आला आणि २०१९ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आता दंड होऊ शकतो. जाहिरातक्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःची मानक परिषद स्थापन केली. उलट जाहीरनाम्यातील आश्वासने १२३ व्या कलमाखालील भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात दिला. खोटे बोलणाऱ्या साबणाला दंड आहे, खोटे बोलणाऱ्या जाहीरनाम्याला नाही.

हा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून मान्यच केला पाहिजे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. राजकीय वचनाच्या खरेपणाचा न्यायनिवाडा न्यायालयाने करू नये, कारण तो मतदाराने करायचा आहे, अशी येथील धारणा आहे. ही धारणा मतदाराला निर्णेता मानते. म्हणूनच प्रकटता, प्रतिपक्ष आणि मौन यांचे महत्त्व वाढते, कारण त्यांच्यावाचून निर्णेता निर्णय देणार कसा? ज्या क्षणी राजकारण ही नियमने सोडते त्या क्षणी ते बाजारापेक्षा वाईट होते. बाजाराला निदान दंड आहे. आज नेमके हेच घडताना दिसते. भ्रमणध्वनीवर प्रत्येकाला वेगळा संदेश जातो. शेतकऱ्याला काय सांगितले हे मजुराला कळत नाही, एका जातीला काय सांगितले हे दुसरीला कळत नाही. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा जगाला धक्का बसला तो केवळ माहिती चोरीला गेल्याचा नव्हता. जाहीर भाषणाचे कुजबुजीत रूपांतर झाले आहे, हे त्यातून कळले. ही विद्या राजकारणाने बाजाराकडून घेतली. आता बाजार ‘राजकारणापासून काय शिकावे’ असे विचारतो तेव्हा तो आरशापुढे उभा राहून आपल्याच प्रतिबिंबाला प्रश्न विचारीत असतो.

दुसरा धोका याहून जुना आहे. मन वळवण्याचे यश आकड्यांत मोजू लागले की काय होते हे कुटुंबनियोजनाच्या मोहिमेने दाखवले. लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ ही स्वतंत्र भारतातील सर्वांत परिणामकारक संज्ञापनांपैकी एक. चित्र सोपे, शब्द सोपे, हेतू प्रकट. पण उद्दिष्टे ठरली, आकडे मागितले गेले, आणि आणीबाणीच्या काळात विनवणीची सक्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही. सुहृत्संमित उपदेश प्रभुसंमित झाला, आणि तो तसा झाला कारण सांगणाऱ्याला श्रोत्याचा नकार हा श्रोत्याचा अधिकार वाटेनासा झाला. नकार म्हणजे अपुरे राहिलेले उद्दिष्ट, एवढाच त्याचा अर्थ उरला.

नकाराची ही शक्यता हाच अखेर ‘पटवणे’ आणि ‘पटवून देणे’ यांतील निकष होय. ऊसपट्ट्यातील ज्या सभासदाचा ऊस तोडीची वाट पाहत फडात उभा आहे, त्याच्याकडे मत मागायला येणारा माणूस कितीही गोड बोलला तरी ते मन वळवणे नसते, कारण त्या शेतकऱ्याला नाही म्हणणे परवडणारे नसते. त्याच्या नकाराची किंमत वाळत चाललेल्या उसाच्या वजनात मोजली जाते. तसेच एकाच दुकानात उधारी असलेल्या गिऱ्हाइकाला ‘हेच वाण घ्या’ असे सांगणे हा सल्ला नसतो. पटवून देण्याची पूर्वअट अशी की, न पटल्यास माणूस आहे तसा, आहे तेथे, काही न गमावता उभा राहू शकला पाहिजे. जेथे ही अट पुरी होत नाही तेथे वाणीचा प्रश्न दुय्यम ठरतो. तेथे आधी तोडीचा क्रम आणि उधारीची वही यांचा प्रश्न सोडवावा लागतो.

तेव्हा विक्रेत्याने राजकीय प्रचारापासून काय शिकावे या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. आपल्याला काय हवे ते उघड सांगावे. एकाला सांगितलेले सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला जागा असावी आणि त्याच्या आक्षेपाला शेतात नांगर चालवून उत्तर द्यावे. निर्णयाच्या क्षणी गप्प बसावे. आणि जे विकले त्याच्या परीक्षेच्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवण्याची तयारी ठेवावी. यांतील एकही गोष्ट खप वाढवण्याची खात्री देत नाही. पण हेच उत्तर राजकारणालाही लागू पडते, आणि आजच्या राजकारणाला त्याची गरज बाजाराहून कमी नाही.

अंकुशनगरच्या सभासदाकडे दोघेही येतात, कधी एकाच आठवड्यात. एक पिशवी घेऊन येतो, दुसरा पत्रक घेऊन. दोघांनाही तो आधी मालक म्हणून, मग मतदार म्हणून, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणून भेटला, तर त्यांची भाषा बदलेल. ‘त्याला पटवले’ या वाक्यातून तो ‘मला पटले नाही’ या वाक्यात येईल, आणि ते वाक्य ऐकून घेण्याची सवय ज्या समाजाला असते तेथेच ‘पटले’ या शब्दाला काही अर्थ उरतो.